हुंडीला नोट म्हणण्याआधी

माझ्या रिसर्च प्रपोजलच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: 'पेशवाईतल्या सावकारी पेढ्या म्हणजे खासगी बँका, आणि हुंड्या म्हणजे त्यांच्या नोटा.' गाइडनी समोर फक्त प्रश्नचिन्ह काढलं. दापोलीला पोचेपर्यंत मी धुसफुसत होतो. आता कळतं, चूक माझीच होती. हे वाक्य इतरांच्या प्रपोजलमध्येही दिसतं, म्हणून थोडं सविस्तर.

वाक्याचा पहिला अर्धा भाग चालून जाईल. एल. सी. जैन यांचं 'इंडिजिनस बँकिंग इन इंडिया' (1929) आपण सगळेच चाळतो. नुसतं कर्ज देणारा वेगळा. ठेवी घेणारा किंवा हुंडीचा व्यवहार करणारा तो बँकर, असा फरक जैन करतात. मराठीत मात्र दोघेही 'सावकार'च. त्यामुळे पुण्यातल्या दीक्षित-पटवर्धनांसारख्या घराण्याच्या पेढीकडे बघताना ही कसोटी उपयोगी पडते. पण ती पेढीची ओळख सांगते, कागदाची नाही. आपण घसरतो ते इथेच.

घराण्याच्या खासगी बँकेची खरी नोट बघायची तर इंग्लंडात जावं लागेल. तिथली फॉक्स, फाउलर अँड कंपनी 1921 पर्यंत स्वतःच्या नोटा काढत होती. नोट म्हणजे वचन: जो आणून देईल त्याला, मागताक्षणी, मीच पैसे देईन. हुंडी ही आज्ञा: पुण्याची पेढी काशीच्या पेढीला लिहिते, अमक्याला इतके रुपये द्या. दर्शनी असेल तर दाखवल्यावर, मुदती असेल तर मुदत भरल्यावर.

'पण हुंडीही हातोहात फिरायचीच की!' हो, फिरायची. मग हरवल्यावर काय होतं ते बघा. हुंडी हरवली तर पेठ लिहून मिळे, तीही गेली तर परपेठ. पैसे चुकते झाले की हुंडीचा खोखा व्हायचा, तिचं काम संपलं. नोट मात्र बँकेत परत येऊन पुन्हा बाहेर पडू शकते.

कायद्यानंही नाव नाही, अटी बघितल्या. 1840 मध्ये सुरू झालेल्या बँक ऑफ बॉम्बेचा नोटा काढण्याचा हक्क 1861 च्या कायद्यानं गेला; हुंड्या चालू राहिल्या. 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 31 मध्ये हुंडीचा उल्लेख आहे, पण मनाई आहे ती 'धारकाला मागताक्षणी देय' अशा कागदावर.

हा शब्दांचा कीस नाही. हुंडीला नोट मानलं, की कुणीतरी वहीतल्या हुंड्यांची बेरीज करून 'इतकं चलन होतं' असा निष्कर्ष काढतं, आणि सगळा चॅप्टर कोसळतो.

तेव्हा कोकणातल्या एखाद्या घरातून मोडी कागद हाती आला, तर आधी तीन गोष्टी विचारा: पैसे कोण देणार? कुणाला? कधी? नाव त्यानंतर ठेवा.