‘बहुतेक न्यूमोनिया व्हायरसचाच’, पण कुठल्या मुलांचा?

गेल्या महिन्यात कासुर्डीला ताईकडे गेले होते. भाचा दहा महिन्यांचा झालाय, पण नवव्या महिन्याचा पीसीव्हीचा डोस राहिलेला. विचारलं तर म्हणाली, “तूच म्हणालीस ना, लहान मुलांचा न्यूमोनिया बहुतेक व्हायरसचा असतो? मग बॅक्टेरियाची लस कशाला?”

खरंय, मीच म्हणाले होते. एका पेपरच्या जोरावर. म्हणून आज तोच पेपर पुन्हा वाचूया.

‘पर्च’ हा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आफ्रिका आणि आशियातले सात देश, रुग्णालयात दाखल झालेली चार हजारांवर मुलं. भारत त्यात नाही. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसलेल्या, एचआयव्ही नसलेल्या मुलांमध्ये विषाणूंचा वाटा ६१.४ टक्के, जिवाणूंचा २७.३ टक्के.

अभ्यासाची ताकद म्हणजे न्यूमोनिया नसलेल्या मुलांशी केलेली तुलना. न्यूमोकोकस धडधाकट मुलांच्या नाकातही असतो. त्यामुळे ‘नाकात सापडला म्हणजे तोच दोषी’ असं म्हणता येत नाही.

पण फुफ्फुसातला नमुना फार थोड्या मुलांचा मिळतो आणि रक्ताच्या कल्चरमध्ये जिवाणू क्वचितच सापडतो. म्हणजे हे टक्के मोजलेले नाहीत, सांख्यिकी मॉडेलने काढलेला अंदाज आहे. पेपरमध्ये त्याची कमाल-किमान मर्यादा दिली आहे. आपण सांगताना ती गाळतो.

त्याहून मोठी गोष्ट: यातल्या बहुतेक ठिकाणी हिबची लस आधीच सुरू होती, काही ठिकाणी पीसीव्हीसुद्धा. जिवाणूंचा वाटा कमी दिसतो त्यात लसीचाही हात आहे. बंदोबस्तामुळे जत्रेत चोऱ्या कमी झाल्या, म्हणून पोलीसच काढून घ्यायचे का?

शिवाय ‘पर्च’ फक्त न्यूमोनियाबद्दल बोलतो. हिब आणि न्यूमोकोकस नाकातून रक्तात, रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतात. मेनिंजायटिसमधून वाचलेल्या काही मुलांना कायमचं ऐकू येत नाही. तो हिशोब या टक्क्यांमध्ये नाहीच.

पेपर वाईट नाही, मी तो अर्धवट सांगितला. पीसीव्ही २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे: सहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने. ताईला म्हटलं, उशीर झाला तरी कार्ड घेऊन नर्सताईंकडे जा. चूक माझी होती, त्याची शिक्षा भाच्याला नको.