इंग्रजीचे अध्ययन आणि चिपळूणकरांचे गद्य

डेक्कन कॉलेजात शिकलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या गद्यावर जॉन्सन व मेकॉले यांचा ठसा आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु त्यास केवळ अनुकरण म्हणणे अपुरे होय. वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभिलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. अशा कामी परस्परांस तोलणारी इंग्रजी उपवाक्ये मराठी अन्वयात बसवावी लागतात. क्रियापद अखेरीस येईपर्यंत मधला सारा भार वाक्याने पेलावयाचा असतो. ही उमेदवारी १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त फळास आली. तेथील दीर्घ वाक्य सहसा तुटत नाही, हा तिचा गुण. प्रतिपक्षावर प्रहार करताना ते शब्दबहुल होते, हा दोष. विद्यार्थी-लेखकाची इंग्रजीतील प्रगती केवळ उत्तरपत्रिकेत न मोजता त्याच्या मराठी वाक्यातही तपासली पाहिजे.