दूरस्थ प्रयोगशाळा : सोय आणि पळवाट

काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. प्रयोगवह्या चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. डीसी मोटरला दिलेली व्होल्टता आणि मोटरचा वेग यांचा तक्ता सर्व वह्यांत एकच होता, अगदी दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकापर्यंत. मला अर्थातच कॉपीचा संशय आला. एका मुलाला विचारले, "मोटर बराच वेळ चालवल्यावर गरम झाली होती का?" तो गोंधळला. मग म्हणाला, "सर, मोटर स्क्रीनवर होती."

कॉपी कोणीच केली नव्हती. सर्वांनी संगणकाला त्याच व्होल्टता दिल्या आणि संगणकाने सर्वांना तीच उत्तरे दिली. मुलांनी सांगितलेले काम प्रामाणिकपणे केले होते. तरीही त्या वर्गातील एकानेही मोटरवर प्रयोग केला नव्हता, आणि पदविकेनंतर की पदवीनंतर, कधीतरी त्यांच्या हाती खरी मोटर येणारच होती. या लेखात टीका आहे ती या परिस्थितीवर. इंटरनेटवरील प्रयोगशाळांवर सरसकट टीका करण्याचा हेतू नाही, कारण त्यांतील काही खरोखर चांगल्या आहेत.

एका नावाखाली दोन वस्तू

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. 'आभासी प्रयोगशाळा' आणि 'दूरस्थ प्रयोगशाळा' हे शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने वापरले जातात. त्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत.

आभासी प्रयोगात उपकरण नसतेच. असते ते गणित. मोटरचे समीकरण कोणीतरी आज्ञावलीत लिहिलेले असते; आपण आकडा घालतो, समीकरण सुटते आणि पडद्यावर चित्र फिरते. दूरस्थ प्रयोगात उपकरण खरे असते, फक्त ते दुसऱ्या गावी असते. आपली आज्ञा तारांमधून तेथे जाते, तेथे खरोखर काहीतरी तापते, फिरते किंवा हलते आणि मोजमाप परत येते.

फरक लहान वाटेल, पण विज्ञानाच्या दृष्टीने तो मुळावरचा आहे. पहिल्या प्रकारात उत्तर देतो तो आज्ञावली लिहिणारा. दुसऱ्या प्रकारात उत्तर देतो निसर्ग. एक मीटर लांबीच्या दोलकाचा आवर्तकाल सुमारे २ सेकंद असतो. वीस आंदोलनांना ४० सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली तर आवर्तकालात अर्धा टक्का आणि गुरुत्वत्वरणात एक टक्का, म्हणजे जवळजवळ ०.१ एवढी चूक येते. वर्गातील एकाला ९.७ आणि दुसऱ्याला ९.९ उत्तर आले तर दोघेही बरोबर असू शकतात, हे कळणे हाच त्या प्रयोगाचा गाभा आहे. पडद्यावरचा आदर्श दोलक मात्र प्रत्येक वेळी ९.८१ हेच सांगतो. त्यातून आकडा कळतो, पण मोजमाप म्हणजे काय ते कळत नाही.

गरज खरी आहे

या प्रयोगशाळा निघाल्या त्यामागची अडचण खोटी नव्हती. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, तेव्हा लोणी, संगमनेर आणि कोपरगाव या आपल्या जिल्ह्यातील तीन ठिकाणी त्याच वर्षी महाविद्यालये उभी राहिली. ज्या परिसरात सहकारी साखर कारखान्यांनी पाय रोवले होते, तेथेच शेतकऱ्यांची मुले अभियंते होऊ लागली. पुण्या-मुंबईला न जाता शिकण्याची ही सोय मोठी होती. पण इमारत बांधणे एकवेळ सोपे. महागडी उपकरणे घेणे, ती दुरुस्त ठेवणे आणि प्रत्येक मुलाला ती हाताळू देणे हे खेड्यातल्या कोणत्याही संस्थेला जड जाते. एका उपकरणाभोवती पाच-सहा मुले उभी राहतात, एक जण बटण फिरवतो आणि बाकीचे वाचन लिहून घेतात, हे दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे.

यावर उपाय म्हणून केंद्र सरकारच्या २००९ साली सुरू झालेल्या माहिती-तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शिक्षण अभियानातून 'व्हर्च्युअल लॅब्ज' हा प्रकल्प आला. आयआयटी दिल्लीकडे समन्वय होता आणि आयआयटी मुंबई, पुण्याचे सीओईपी, अमृता विद्यापीठ आदी संस्था सहभागी होत्या. शंभराहून अधिक प्रयोगशाळा आणि त्यांत सुमारे सातशे प्रयोग तयार झाले. उद्देश, सिद्धान्त, पूर्वचाचणी, कृती, प्रयोग आणि उत्तरचाचणी अशी त्यांची मांडणी आहे. मांडणी उत्तम आहे आणि सारे विनामूल्य आहे. शाळांसाठी अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक मुंबई यांनी केलेल्या 'ओलॅब्ज'मध्ये काही प्रयोग मराठीतही आहेत. शिक्षकांनी ते जरूर पाहावेत.

उणीव अशी की यांतील बहुतेक प्रयोग आभासी आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा दुसरा मार्गच नव्हता आणि त्या काळात या प्रयोगांनी शिक्षण सुरू ठेवले. पण नाइलाजाने स्वीकारलेली गोष्ट टाळेबंदी संपल्यावरही अनेक ठिकाणी तशीच राहिली. मग उपकरण दुरुस्त करण्याचा तगादा कोण लावणार?

मुंबईतील एक तापणारी पट्टी

दूरस्थ प्रयोगाचा चांगला नमुना आपल्याच राज्यात आहे. आयआयटी मुंबईच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागातील प्रा. कन्नन मौद्गल्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियंत्रणशास्त्र शिकवण्यासाठी एक लहानसे उपकरण केले. पोलादाची एक छोटी पट्टी, तिला तापवणारी तारेची कुंडले, थंड करणारा संगणकातला साधा पंखा, तापमान मोजणारा संवेदक आणि हे सारे चालवणारा एक मायक्रोकंट्रोलर. अशी अनेक उपकरणे संगणकाला जोडून ठेवली. विद्यार्थ्याने आपली वेळ आधी राखून ठेवायची आणि आपल्या गावातून, 'सायलॅब' ही विनामूल्य आज्ञावली वापरून पट्टी तापवायची किंवा थंड करायची.

यातील निवड विचारपूर्वक केलेली आहे. पट्टीचे तापमान सावकाश बदलते, म्हणून सेकंदाला एकदा मोजले तरी पुरते. इंटरनेटवरून संदेश जायला-यायला सेकंदाचा काही अंश लागला तरी बिघडत नाही. याउलट छोट्या मोटरचा वेग सेकंदाच्या अल्पांशात बदलतो. तिचे नियंत्रण दूरच्या गावातून करू गेले तर आज्ञा पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते. म्हणजे कोणता प्रयोग दूरवरून करता येईल हे निसर्गाचा वेग आणि तारेचा वेग यांच्या तुलनेवर ठरते. हा विचार स्वतःच अभियांत्रिकीचा एक उत्तम धडा आहे.

आणि पट्टी खरी असल्यामुळे ती ऐकत नाही! दुपारची खोली आणि रात्रीची खोली यांचे तापमान वेगळे असते. संवेदकाच्या वाचनात थोडी थरथर असते. सूत्राप्रमाणे आखलेले नियंत्रण पट्टीला नेमके जागेवर आणत नाही आणि विद्यार्थ्याला पुन्हा विचार करावा लागतो. येथे दोन वह्यांतील निरीक्षणे तंतोतंत सारखी येणे जवळजवळ अशक्य आहे.

अर्थात येथेही उणिवा आहेत. जोडणी दुसऱ्याने केलेली असते. ढिली तार, उलटी जोडलेली टोके, जळका वास यांची ओळख दूरस्थ प्रयोगात होत नाही.

विरुद्ध बाजूचा पुरावा

"हाताने केले तरच शिकले" असे म्हणून मोकळे होणे मात्र योग्य नाही. २००५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातील फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना खरे दिवे, तारा आणि विद्युतघट दिले. इतरांना 'फेट' या संगणकीय संचातील विद्युतमंडल दिले. नंतर संगणकावर शिकलेल्यांनी केवळ लेखी प्रश्नांतच नव्हे, तर खरे मंडल जोडण्यातही सरशी दाखवली. पडद्यावर विद्युतकण वाहताना दिसतात, मुले न घाबरता दहा प्रकारे जोडून पाहतात, हे त्यामागचे कारण दिसते.

त्याच सुमारास, २००६ मध्ये, मा आणि निकरसन यांनी अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांना आढळले की प्रत्येक पक्ष वेगवेगळी गोष्ट मोजतो. प्रत्यक्ष प्रयोगाचे समर्थक रचनाकौशल्याला महत्त्व देतात, तर दूरस्थ प्रयोगाचे समर्थक संकल्पना समजल्या की नाही ते पाहतात. दोघेही आपापल्या मापाने जिंकतात. म्हणून शिक्षकाने आधी ठरवायला हवे की या तासाला मला काय शिकवायचे आहे. संकल्पना दाखवायची असेल तर आभासी प्रयोग उत्तम. मोजमाप आणि त्यातील अनिश्चितता शिकवायची असेल तर उपकरण खरे हवे, जवळचे वा दूरचे. आणि हात तयार करायचा असेल तर ते हातातच हवे.

दूर असणे हा मुळात दोष नाही. आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगत जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना नियंत्रणकक्षातून वळवल्या जातात. निरीक्षण करणारा खगोलशास्त्रज्ञ त्यांना हात लावत नाही. पण त्याला मिळणारा संकेत आकाशातून आलेला असतो, आणि कोणता संकेत आकाशातला व कोणता जवळच्या यंत्राचा, हे त्याला शोधावे लागते.

व्याख्यानांच्या मंचांविषयी थोडक्यात

एनपीटीईएलची व्याख्याने २००३ पासून तयार होऊ लागली आणि २०१७ मध्ये 'स्वयम्' हा मंच आला. लोणीच्या मुलाला आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकता येते ही क्रांतीच आहे. पण ऐकणे आणि पार पाडणे यांत अंतर आहे. २०१२ मध्ये एमआयटीच्या विद्युतमंडलावरील पहिल्या खुल्या अभ्यासक्रमाला सुमारे १,५५,००० जणांनी नावे नोंदवली. प्रमाणपत्र मिळाले ७,१५७ जणांना, म्हणजे शंभरातील पाचांनाही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने असे अभ्यासक्रम श्रेयांकांसाठी घेण्याची मर्यादा २०१६ मध्ये २० टक्के ठेवली होती, ती २०२१ मध्ये ४० टक्के केली. मर्यादा वाढली तेव्हा मुलाला शंका विचारायला जवळ शिक्षक असण्याची गरजही वाढली, याकडे दुर्लक्ष होऊ नये.

काय करता येईल?

तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : प्रत्येक प्रयोगाच्या नोंदीवर 'प्रत्यक्ष', 'दूरस्थ' किंवा 'आभासी' असे स्पष्ट लिहावे. परीक्षकाची आणि विद्यार्थ्याची फसगत टळेल. दुसरी : आभासी प्रयोग आदल्या दिवशी तयारी म्हणून करावा आणि त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी खऱ्या उपकरणाशी ताडून पाहावे. दोन्ही उत्तरे का जुळली नाहीत, यावर गुण द्यावेत.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एमआयटीत १९९८ साली देल आलामो यांनी ट्रान्झिस्टर मोजण्याची दूरस्थ प्रयोगशाळा सुरू केली. पुढे नायजेरिया, युगांडा आणि टांझानियातील विद्यापीठे त्या उपक्रमात आली. इंटरनेट मंद असल्याने केवळ अमेरिकेतील उपकरणावर अवलंबून भागेना, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्वतःचे दूरस्थ प्रयोग उभारले. दूरस्थ प्रयोगातून सर्वाधिक शिकतो तो प्रयोग उभारणारा. आपल्या महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत दरवर्षी एक असा प्रयोग उभा राहिला तर?

शाळेलाही हे जमेल. एका शाळेत दोलक टांगावा, शेजारच्या शाळेतील मुलांनी मोबाइलच्या चित्रसंभाषणातून त्याची वीस आंदोलने मोजावीत. चित्र उशिरा पोहोचते, मग उत्तर चुकेल का? उशीर कायम तेवढाच असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा उशीर एकमेकांना छेदतात व काळ बरोबर येतो. उशीर कमीजास्त होत असेल तर तेवढीच चूक येते. दोन्ही शाळांनी आपापली उत्तरे ताडून पाहावीत आणि ती जुळली नाहीत तर आनंद मानावा. खरा प्रयोग तेथूनच सुरू होतो.