हॉवर्ड यांचे पुस्तक शेतीच्या तासाला

हवामानबदल आणि जैवविविधता हे शब्द शाळेत आले ते विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या तासाला. जैवविविधता म्हटले की वाघ आणि सह्याद्रीचे जंगल. बांधावरची ज्वारी त्यात बसत नाही. शेतीच्या शिक्षकाने या विषयात काय करायचे, असे विचारले की बहुधा एकाच पुस्तकाकडे बोट दाखवले जाते : सर आल्बर्ट हॉवर्ड यांचे १९४० साली निघालेले ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’. ते जरूर वाचावे. मात्र पोथीसारखे वाचू नये.

हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. पुढे १९२४ ते १९३१ ते इंदूरला होते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग ठरावीक दिवसांनी परतून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ तिथलीच. इथला शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले खरे शिक्षक, असे ते सांगतात. कीड पडली तर आधी ती का पडली हे पाहा, फवारणी नंतर. शेतीसंशोधनाचे तुकडे पाडून प्रत्येक तज्ज्ञाने आपापला तुकडा धरून बसण्यावर त्यांनी केलेली टीका तर आपल्या शाळेच्या वेळापत्रकालाही लागू पडते.

पण पुराव्याचे काय? कसदार जमिनीतला चारा खाणारे आपले बैल लाळ-खुरकताने आजारी जनावरांच्या नाकाला नाक लावत, तरी त्यांना रोग झाला नाही, असे ते लिहितात. एवढ्यावरून चाऱ्याचा गुण सिद्ध होतो का? त्याच जागी दुसरा चारा खाणारे बैल तुलनेला कुठे होते? नववीतल्या मुलालाही हा प्रश्न सुचायला हवा. तो सुचवणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि त्यासाठी हा उतारा फार उपयोगी आहे!

दुसरी उणीव बियाण्याची. हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी पुसा येथे गव्हाचे सुधारित वाण तयार केले आणि ते दूरवर पसरले. त्यापूर्वी शेतात अनेक प्रकारच्या गव्हांची सरमिसळ असे. ती गेल्याची रुखरुख पुस्तकात दिसत नाही. सूक्ष्म बुरशी आणि मुळे यांच्या नात्यावर भरभरून लिहिणारा हा माणूस पिकातल्या विविधतेपाशी गप्प होतो. आज पाऊस वेळ पाळत नाही. त्यामुळे सरमिसळीतले काही तरी तगते, हा तिचा फायदा आपल्याला अधिक जाणवतो.

हवामानबदल १९४० च्या पुस्तकात नसणार, हे उघडच आहे. तक्रार आहे ती आज त्याच्या नावावर जे सांगितले जाते त्याबद्दल. ‘कंपोस्ट करा, हवेतला कार्बन जमिनीत जाईल’ हे अर्धेच खरे. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय कर्ब लवकर कुजून पुन्हा हवेत जातो. ढिगाला हवा मिळाली नाही तर त्यातून मिथेन निघतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक उष्णता धरून ठेवतो. ढीग परतण्यावर हॉवर्ड यांचा एवढा भर होता. आपण नेमके तेवढेच कष्टाचे म्हणून सोडून देतो.

तेव्हा पुस्तकाबरोबर शाळेच्या आवारात दोन ढीग हवेत : एक परतलेला, एक न परतलेला. रोज तापमान मोजावे, वास टिपावा. शेजारी तीन वाफे ज्वारीचे असावेत : मालदांडी, दगडी आणि दोन्हींची मिसळ. बी मुलांनीच आजीकडून मागून आणावे, आणि ते कधीपासून घरात आहे हे वहीत लिहावे. कुठल्या घरी ते आता उरलेच नसेल, तर तेही लिहावे.