शंभर मिलिमीटरचा उंबरा

मागच्या महिन्यात सांगलीहून बाबांचा फोन. घराला लागून गॅरेज बांधायचं काढलंय. गाडी तिथेच, नवी इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होणार तीही तिथेच, आणि आईला गॅरेजातून थेट स्वयंपाकघरात यायला दार हवंय. "तू आगीवरच पीएचडी करतेस ना? मग दार कसलं लावू सांग." माझं काम जिप्सम बोर्डवर आहे, दारांवर नाही, पण हे बाबांना सांगून उपयोग नव्हता.

म्हणून इंग्लंडचं 'अप्रूव्ह्ड डॉक्युमेंट बी' पुन्हा वाचलं. घराला जोडलेल्या गॅरेजबद्दल त्यात मोजक्याच ओळी आहेत. मधली भिंत आणि वरचा मजला 30 मिनिटं आग थोपवणारा हवा. दारही तेवढंच टिकणारं, धूर अडवणारं आणि आपोआप बंद होणारं. शिवाय गॅरेजची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती हवी, नाहीतर दाराची चौकट जमिनीपासून निदान 100 मिलिमीटर वर.

भिंतीबद्दल माझी तक्रार नाही. शुद्ध जिप्समच्या वजनात जवळपास 21 टक्के पाणी असतं, स्फटिकातच बांधलेलं. आग लागली की उष्णता आधी ते पाणी सोडवण्यात खर्ची पडते, आणि तोवर बोर्डची मागची बाजू फारशी तापत नाही. पाणी संपलं की बोर्ड आकसतो, तडकतो. म्हणजे भिंत वेळ विकत घेते, आणि नियमही तेवढंच मागतो. आपल्याकडच्या नऊ इंची विटेच्या भिंतीला तर 30 मिनिटं काहीच नाहीत. प्रश्न उरतो दाराचा.

तो उंबरा पेट्रोलसाठी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती जमिनीलगत सरपटते, तिला अडवायला उंबरा आणि उतार हे अगदी शहाणपणाचे उपाय आहेत. पण लिथियम बॅटरीचा सेल बिघडून तापत सुटला की त्यातून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडही निघतो. हायड्रोजनला उंबऱ्याचं काय! बंद गॅरेजात हे वायू साठून मग पेटले, तर धक्का बसतो तो दाबाचा. आणि 30 मिनिटांची चाचणी होते भट्टीत, ठरलेल्या तापमान-वक्रावर: पाचव्या मिनिटाला साधारण 576 अंश, तिसाव्याला 842. स्फोटाचा दाब दार सोसेल का, हे ती चाचणी विचारतच नाही. नियम उष्णतेचा अभ्यास करून आलाय, पेपर मात्र आता वेगळा आहे.

एक गोष्ट मात्र नियमाने नीट ओळखली आहे. घरातल्या इतर अग्निरोधक दारांना आपोआप बंद होण्याची सक्ती राहिली नाही, गॅरेजच्या दाराला ठेवली. अर्थात मी पूर्वी भाड्याने राहत होते तिथलं असलंच दार कायम उघडं असायचं. तांदळाची पिशवी लावून. पिशवी माझीच.

बाबांना म्हटलं, दार नकोच, स्कूटर बाहेर पोर्चमध्ये चार्ज करा.

"पावसात?" मागून आईचा आवाज.

गवंड्याने तूर्तास दाराची जागा मोकळी सोडली आहे.