पिनबॉल : शिकवणारे यंत्र, शिकणारे यंत्र

पॅट लॉलर व लॅरी डीमार यांनी रचलेले 'द ॲडम्स फॅमिली' हे पिनबॉल यंत्र १९९२ साली अमेरिकेत बाजारात आले आणि २०,००० च्या वर विकले गेले. शिक्षक म्हणून ते कसे आहे?

नवखा खेळाडू दोन्ही फ्लिपर, म्हणजे बटणाने हलणारे दांडे, एकदम आपटत सुटतो. चेंडू तळाच्या फटीतून नाहीसा होतो आणि चूक कुठे झाली ते कळतच नाही. आमच्या मते पहिला धडा थांबण्याचा आहे. फ्लिपर उचलून धरला की चेंडू त्याच्या बेचक्यात विसावतो. मग कोणता दिवा लागला आहे ते पाहावे, फ्लिपर सोडून चेंडू घरंगळू द्यावा आणि मारावा. टोकाजवळून मारलेला चेंडू विरुद्ध बाजूला अधिक तिरका जातो, आधी मारलेला कमी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रयोग म्हणजे दुसरे काय?

यातली सर्वांत सुंदर कल्पना 'थिंग फ्लिप्स' ही. येथे यंत्र स्वतःच फटका मारते आणि नेम चुकला तर पुढच्या खेपेस वेळ किंचित बदलून पाहते. आपली चूक वापरणारा असा विद्यार्थी विरळाच!

दोषही आहे. पटलाखालचे चुंबक चेंडूची वाट मध्येच वाकडी करतात. जाणकाराला यात गंमत वाटते. नवख्याला मात्र आपलेच चुकले असे वाटते. आपल्या वर्गात असे लपलेले चुंबक किती असतील?