अणू, परमाणु आणि अनुस्पंदन

हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेत ‘अणु’ म्हणजे मराठीतील रेणू. मराठी अणूस तेथे ‘परमाणु’ म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातील माजरीसारख्या कोळसाखाणींच्या गावी दोन्ही भाषा शेजारी नांदतात, आणि हिंदी पुस्तकांवर वाढलेला विद्यार्थी मराठीत ‘स्फटिकात अडकलेला अणू’ वाचून रेणूच समजेल. हा घोटाळा किरकोळ नव्हे. क्ष-किरणांच्या माऱ्यानंतर कॅल्शियम फ्लुओराइडच्या स्फटिकात अडकलेल्या हायड्रोजन-अणूचा इलेक्ट्रॉन एकटा असतो. म्हणूनच त्याचे चुंबकीय अनुस्पंदन आढळते, व प्रोटॉनमुळे ते सुमारे ५०० गौस अंतरावर दुभंगते. रेणूत दोन्ही इलेक्ट्रॉन जोडीने असल्याने असा संकेतच मिळत नाही. तेव्हा प्रथमोल्लेखी ‘हायड्रोजनचा सुटा अणू’ असे लिहिणे इष्ट. हिंदीतील ‘अनुनाद’ मात्र येथे नकोच. या स्पंदनात नाद कोठला?